तुम्ही घरून दिलेलं मत

जाऊबाई,

तुम्हाला जाऊन आज पाचवा दिवस. माणसं येताहेत, सतरंजीवर बसताहेत, तुमच्याबद्दल चांगलं बोलताहेत. त्यातलं निम्मं तुम्ही ऐकूनही घेतलं नसतं. मी मागच्या खोलीत येऊन बसले आहे. लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत रेवा आणि निहार, माझी कॅनडातली नातवंडं, ज्यांना तुम्ही फोनवर दर वेळी एकच प्रश्न विचारायचात, "काय भाजी केली आज मायनं?"

रेवाने काल मला विचारलं, मोठी आजी कशी होती? मला काही सांगता आलं नाही. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं मी, पण थोरल्या जावेसाठी त्या भाषेत जो शब्द आहे त्यात नणंदही बसते, भावजयही बसते आणि मेहुणीही. तुम्ही त्यात मावत नाही. म्हणून मुलांना ही निवडणूकच सांगते. गेल्या महिन्यात आपण दोघी जेवढ्या भांडलो तेवढ्या आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून भांडलो नसू.

आपल्या आमदारांनी मुदतीआधीच राजीनामा दिला आणि विधानसभेतली जागा रिकामी झाली. पोटनिवडणूक लागल्याची बातमी मधुकरने आणली तेव्हा तुम्ही अंगणात बाजेवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होतात.

"आता काहून?" तुम्ही मुलाला विचारलं. "आता तं देल्लं होतं मत."

"माय, त्यायनं राजीनामा देल्ला."

"म्हंजे लगन झालं, मांडव काढला, अन् नवरदेव म्हणते मी चाललो?"

"हाव. आता नवा पायजे."

"पाहा बाप्पा. या खेपेले उलीसा टिकाऊ पाहा."

मधुकर हसत वावरात गेला. तुम्ही हातातली जुडी बांधून पूर्ण केली आणि मला म्हणालात, "मास्तरीन, तारीख कोनती हाय ते नीट पाहून सांगजो." मी तारीख सांगितली. तुम्ही बोटांवर काहीतरी मोजलंत आणि काठीऐवजी वॉकर मागितलात. श्रावणात पडल्यापासून तुम्ही त्या वॉकरला हात लावत नव्हतात, कारण तो "दवाखान्यासारका वाजते." त्या दिवसापासून मात्र सकाळी एक आणि ऊन उतरल्यावर एक अशा अंगणाच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी तुळशीपर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मग फाटकापर्यंत. मला वाटलं, शेवटी डॉक्टरांचं ऐकलं. मी वहीत तुमच्या फेऱ्या लिहूनही ठेवत होते. त्या कशासाठी चालल्या आहेत, हे विचारावं असं मला सुचलं नाही.

इथे मुलांना एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी या घरात आले ती अमरावतीहून, बी. ए. होऊन. वाशीमच्या हायस्कुलात नोकरी लागली आणि रोज एस. टी.ने जाणं-येणं सुरू झालं. सासूबाई गेल्या होत्या. घर, गुरं, मळा सगळं तुमच्यावर. रेवाचा बाबा जन्मला तेव्हा मी नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवला होता. तुम्ही चौथी शिकलेल्या. अक्षर अक्षर लावत तो अर्ज वाचलात, चुलीत घातलात आणि म्हणालात, "पोरगं मी पाहातो. तू जाय." माझी सगळी नोकरी तुमच्या कडेवर झाली. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. निवृत्तीच्या समारंभात मी मुख्याध्यापकांचे, सहकाऱ्यांचे, शिपायांचेसुद्धा आभार मानले. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात आणि तुमचं नाव माझ्या यादीत नव्हतं. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "हार चांगला होता, खऱ्या फुलायचा होता."

आणि आपलं पहिलं एकत्र मतदान. तुमचे मालक, म्हणजे माझे भासरे, आम्हा दोघींना ओसरीवर उभं करून कुठल्या चिन्हावर शिक्का मारायचा ते सांगून मोकळे झाले होते. दोघींनी पदर सावरून मान हलवली. मत देऊन शाळेतून परतताना तुम्ही हळूच विचारलंत,

"देल्लं काय गं, त्यायनं सांगतलं त्याले?"

"मतदान गुप्त असतं, जाऊबाई."

तुम्ही वाटेत थांबलात. इतक्या हसलात की डोक्यावरचा पदर पडला. "अस्सं? मंग मायंबी गुप्तच हाय!"

त्यानंतर कधीही आपण एकमेकींना विचारलं नाही. मी जाहीरनामे वाचायची, वर्तमानपत्रातली कात्रणं काढायची. तुमची पद्धत वेगळी होती. प्रचाराला माणसं मळ्यात आली की ती काय बोलतात ते तुम्ही ऐकतच नव्हतात, पायांकडे पाहायचात. सांभाराच्या वाफ्यात पाय देऊन कोण येतो आणि धुऱ्याने, बांधाबांधाने वळसा घालून कोण येतो. "ज्याले माया कोथिंबिरीवर पाय देताना काई वाटत नाई, तो माया काय कामाचा?" असं म्हणायचात. बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर सांभाराला मुद्दाम कोथिंबीर म्हणायचात, हेही मुलांना सांगायला हवं.

तर फॉर्म.

पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना घरी बसून मत देता येतं, त्यासाठी आधी फॉर्म भरून द्यावा लागतो. अंगणवाडीच्या ताई तो घेऊन आल्या. मतदार यादीचं काम त्यांच्याकडेच आहे. तुम्ही आत झोपला होतात. मी फॉर्म हातात घेतला आणि मला मनापासून आनंद झाला. रिकामे रकाने दिसले की मला तो होतोच. नाव, यादीतला क्रमांक, पत्ता, वय, सगळं सुवाच्य अक्षरात भरलं. तुम्ही उठल्यावर बँकेचा एक कागद आणि पेन्शनचा एक कागद सहीला होते, त्यांच्याबरोबर हाही पुढे केला. "इथे सही करा." तुम्ही केलीत. कसला कागद, हे तुम्ही माझ्याकडे कधीच विचारत नव्हतात.

मी सांगितलं नाही. लपवायचं होतं असं नव्हे. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून केलेली सोय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दहा-बारा दिवसांनी ताई सांगायला आल्या तेव्हा तुम्ही फाटकापाशी होतात, त्या दिवसाची दुसरी फेरी.

"आजी, मंगळवारी साहेब लोकं घरी येतीन. तुमाले आता शायेत याची गरज नाई."

"कायले येतीन?"

"मत घ्याले. तुमचा फॉर्म मंजूर झाला ना."

"कोनता फॉर्म?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. वॉकर तिथेच सोडून तुम्ही फाटकाला धरून उभ्या राहिलात. मी समजावायला लागले की रांग मोठी असते, ऊन असतं, तुमचं खुब्याचं दुखणं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"मत तं घरूनबी होते, मास्तरीन," तुम्ही म्हणालात. "मले रांगेत उभं राहाचं होतं."

तेव्हा मला त्या फेऱ्या कळल्या. फाटकापर्यंतचं अंतर तुम्ही शाळेच्या दारापासून खोलीपर्यंतच्या अंतराशी ताडून ठेवलं होतं, हे मधुकरने नंतर सांगितलं. आणि रांगेत कोण भेटणार होतं, हेही मला माहीत असायला हवं होतं. गयाबाई. तुम्ही दोघी माहेरच्या जऊळक्याच्या, एका गल्लीत खेळलेल्या, आणि योगायोगाने दोघी इकडेच दिलेल्या. ती नाल्यापलीकडच्या वस्तीत, तुम्ही गावात. अंतर दोनच किलोमीटर, पण दोघींच्या गुडघ्यांनी ते लांबवत नेलं. अलीकडे तुमची भेट व्हायची ती मतदानालाच, कारण दोन्हीकडचं केंद्र एकच शाळा. मागच्या खेपेला तुम्ही दोघी रांगेत उभ्या राहून मागच्या बायांना पुढे सोडत होतात. "जाय माय तू, आमाले घाई नाई." मी ज्येष्ठ म्हणून थेट आत जाऊन, मत देऊन, निंबाखाली तास दीड तास चिडून बसले होते. खोलीच्या दाराशी आलात की पुन्हा मागे जायचात. मी तुम्हाला शिस्तीवर बोललेही होते.

"ताई, फॉर्म परत घेता येईल का?" मी विचारलं.

"नाई हो मॅडम. यादीत खूण झाली. आता केंद्रावर यायले मत नाई देता येत."

"अन् मी पंच्याऐंशीची हाय हे कोनं सांगतलं?" तुम्ही ताईंना विचारलंत. "मी तं ऐंशीची असन."

त्याचंही उत्तर मीच होते. तुमचं मतदार ओळखपत्र काढलं तेव्हा जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. मी तुमच्या लग्नाचं साल, भासऱ्यांचं वय, मधुकरच्या जन्माचं साल असं सगळं मांडून हिशेब केला आणि एक जानेवारी टाकून दिली. चार-पाच वर्षं इकडे-तिकडे झाली असतील.

"म्हंजे कागदावर म्हातारीबी तूच केलं, अन् घरातबी तूच बसवलं," तुम्ही म्हणालात. आणि मग, "म्या कागद कवा पायला? म्या तुयावर सही केली होती."

मी वॉकर तुमच्या हातापाशी आणून ठेवला.

पुढचे चार दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. म्हणजे बोलायचात, पण मधुकरमार्फत. आपण तिघं एकाच खोलीत असायचो. "मधुकर, मास्तरीनले सांग, चाय थंडी होऊन राह्यली." "मधुकर, मास्तरीनले सांग, तिचा चश्मा तिच्या डोक्यावरच हाय." मधुकर बिचारा माझ्याकडे वळून सगळं पुन्हा सांगायचा. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काकू, तुमी दोघी एक वॉट्सॲप ग्रुप काढा, मले वावरात जाऊ द्या." तुम्ही तोंडावर पदर घेतलात. हसलात ते मला दिसलं.

त्याच दिवसांत मला माझंच एक आठवलं. मागच्या वर्षी रेवाच्या बाबाने मला न विचारता एक घड्याळ पाठवलं होतं. मी पडले तर त्याला कॅनडात फोन जातो म्हणे. मी ते दोन महिने कपाटात ठेवलं. का घालत नाहीस, असं तो विचारी आणि मी म्हणे, पट्टा टोचतो. पट्टा टोचत नव्हता. मला विचारलं नव्हतं, ते टोचत होतं. हे तुम्हाला सांगून तुमची माफी मागावी, असं मी रोज सकाळी ठरवत होते.

मंगळवारी पथक आलं. एक अधिकारी मॅडम, त्यांच्याबरोबर एक कर्मचारी, एक पोलीस आणि चित्रीकरण करणारा एक माणूस. तुम्ही आदल्या दिवसापासूनच शोभाकडून, तुमच्या सुनेकडून, मोरपंखी नऊवारी काढून घेतली होती. मतदान घरी का असेना, नेसणं मतदानाचं. पथकाला पाऊण तास बसवून ठेवलंत. चहा झाला, मग दुसरा चहा झाला. तुम्ही आलात तेव्हा पोलीस उठून उभा राहिला.

टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मॅडमनी आम्हा घरच्यांना बाहेर जायला सांगितलं. आम्ही ओसरीवर. आणि मग तुमचा आवाज, खणखणीत, एकेक अक्षर लावत पहिल्या उमेदवाराचं नाव वाचणारा.

"आजी, आजी!" मॅडम घाईने म्हणाल्या. "मनात वाचा."

"मनात वाचलं तं मले आयकू कसं येईन?"

"आजी, गुप्त असतं ते."

"ते मले सांगता? हे इथं बाहेर बसली हाय ना मास्तरीन, तिले इचारा, कवापासून गुप्त हाय मायं!"

पोलीस भिंतीकडे तोंड करून हसत होता. पुढची नावं तुम्ही कुजबुजत वाचलीत. ती कुजबुजही ओसरीपर्यंत येत होती, पण सगळ्याच नावांची, सारख्याच आवाजात. कागद घडी करून पाकिटात, पाकीट पाकिटात, सही, चिकटवणं. आम्हाला आत बोलावलं तेव्हा तुम्ही डावं बोट पुढे केलंत.

"शाई नसते आजी घरच्या मताला."

"मंग म्या मत देल्लं हे लोकायले कसं समजन?"

तुम्ही बोट तसंच धरून माझ्याकडे पाहिलंत. सगळ्या गैरसोयींचं खापर माझ्यावर फुटणार हे मी ओळखलं आणि मान खाली घातली.

पथक गेल्यावर तुम्ही साडी बदलली नाहीत. तशाच बाजेवर बसून सांभार निवडायला घेतलात. मी समोर बसले आणि मीपण एक जुडी ओढली. मग तुम्ही, मधुकर समोर नसताना, थेट माझ्याशी बोललात.

"तू जाशीन ना त्या दिवशी?"

"जाईन."

"म्हातारी म्हून पुढं घुसू नको. रांगेत उभी राय."

"राहीन."

"गयेले सांगजो, म्या देल्लं. नाई तं तिले वाटन, सरू घाबरली."

"सांगेन." मग मी म्हटलं, "जाऊबाई, मी तुम्हाला विचारायला..."

"काड्या वेगळ्या कर," तुम्ही म्हणालात. "काड्यासकट बांधून राह्यली तू."

माफी तिथेच राहिली. आज वाटतं, तुम्ही ती मला मुद्दाम पूर्ण करू दिली नाही. तुम्हाला ती ऐकायची नव्हती, किंवा ऐकायची गरज उरली नव्हती. यातलं काय, हे मला कळायचं नाही, आणि त्याची फार खंतही नाही. चार दिवसांच्या अबोल्यानंतर तुम्ही पुन्हा मला "तू" म्हणून रागावलात, एवढं मला पुरलं.

शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर तुम्ही भिंतीला टेकून बसलात, आणि तशाच गेलात. शोभाला वाटलं, डुलकी लागली. चेहरा नेहमीच्या दुपारच्या झोपेतल्यासारखा होता. डॉक्टर आले, मग सगळं झालं. त्याविषयी इथे लिहीत नाही, मुलांना त्यांच्या बाबाने सांगितलं आहे.

मतदान सोमवारी होतं. आदल्या दिवशी मी अंगणवाडीच्या ताईंना फोन केला. गेलेल्या माणसाचं मत मोजतात का, हे विचारायला. त्यांनी वर विचारून मला कळवलं, "मॅडम, देल्लं ते देल्लं. मोजतेत."

मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले. फॉर्म भरला नसता तर तुमचं शेवटचं मत राहून गेलं असतं. हे मला सोयीचं आहे, हे मला कळतं, म्हणून यावर फार बोलत नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हटलं असतं, हेही खरं. पण म्हणून न विचारणं बरोबर ठरत नाही. रेवा, निहार, हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच वेळी खरं आहे. तुमच्या आजीला हे कळायला एवढं आयुष्य लागलं.

सोमवारी निघाले तेव्हा मधुकर म्हणाला, "काकू, सुतकात?"

"सुतक देवाला. मतदानाला नाही."

"मीबी येतो मंग ऊन उतरल्यावर."

शाळेच्या दाराशी शिपायाने मला पाहून हात केला, "मॅडम, तुमाले रांग नाई, या इकून." मी नको म्हटलं आणि बायांच्या रांगेत शेवटी उभी राहिले. उन्हं चढली होती. पुढे दहा-बारा बाया, त्यांत एक पांढरं डोकं वाकलेलं. गयाबाई. तिने मला पाहिलं, माझ्यामागे पाहिलं, आणि मग तिला आठवलं. बातमी तिला पोचलेलीच होती. ती आपली जागा सोडून मागे माझ्यापाशी आली.

"गयाबाई, त्यांनी तुम्हाला सांगायला सांगितलंय. त्यांनी मत दिलंय. मंगळवारी, घरून."

"अस्सं?" गयाबाई म्हणाली. "साडी कोनती नेसली होती?"

"मोरपंखी."

"मंग बराबर हाय." तिने डोळे पुसले. "लगनातलीच म्हना ते. मायाकडंबी होती तशी, उंदरायनं खाल्ली."

आम्ही पुढे सरकलो. ती मला तुमच्या जऊळक्याच्या गोष्टी सांगायला लागली. तुम्ही स्टेशनवर मालगाडीचे डबे मोजायचात आणि दर वेळी एक जास्त सांगायचात. आंब्याच्या झाडावरून पडलात ते घरी कधीच सांगितलं नाहीत. यातलं एकही मला ठाऊक नव्हतं. खोलीचं दार जवळ आलं आणि गोष्ट अर्धीच होती. माझ्यामागे एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मी बाजूला झाले.

"तुम्ही जा पुढे," मी तिला म्हटलं. "आम्हाला घाई नाही."

तिच्यामागच्या दोघीही गेल्या. मग गयाबाई आत गेली, मग मी. टेबलापाशी अधिकारी यादीवर बोट फिरवत माझं नाव शोधत होते. ते तुमच्या नावाखालीच आहे, आजवर प्रत्येक यादीत असंच होतं. शेजारी बसलेल्या एका पक्षाच्या एजंटाने, आपल्याच गावच्या, मान पुढे केली.

"सर, वरच्या नावावर वारल्या लिहून घ्या. सरूआजी शुक्रवारी गेल्या."

अधिकाऱ्यांचं बोट तुमच्या नावापुढच्या खुणेवर थांबलं.

"गेल्या ते खरं," मी म्हटलं. "पण त्यांचं मत झालंय, माझ्या आधी. आता माझं नाव वाचा."